नकाशावरचा जादा दाणा

पहिल्याच भेटीत ती किंचाळली. तिचा तरी काय दोष म्हणा! सकाळी सकाळी ऑफिसचं कपाट उघडावं आणि शहराच्या नकाशावर पिवळाधमक चिकट गोळा पसरलेला दिसावा... वीज कंपनीतली ती नवी इंजिनियर फडकं घेऊन पुसायलाच निघाली होती, तेवढ्यात तो धापा टाकत आला.

"थांबा, थांबा! ती जेवतेय!"

"कोण?"

"बुरशी... म्हणजे, बुरशीची लांबची चुलतबहीण."

हा विद्यापीठातून आलेला जीवशास्त्रज्ञ. नकाशावर जिथे जिथे वीज उपकेंद्र, तिथे तिथे त्याने ओटचा एकेक दाणा ठेवला होता. बुरशी दाणे शोधत पसरते, बिनकामाच्या वाटा सोडून देते आणि कामाच्या तेवढ्या जाड करते. तिच्या वाटांवरून नव्या केबल टाकायच्या, ही त्याची कल्पना. साहेबांना पटली तर तो इथेच राहणार. नाही तर गाशा गुंडाळून परत.

"बिनमेंदूची ही बया मला केबल शिकवणार?" ती फणकारली. पण दुसऱ्या दिवसापासून चहाचा कप घेऊन तिथेच बसू लागली. ती वाकून बघायची, तिची बट नकाशावर झुकायची... आणि हा भलत्याच गल्लीवर पाणी फवारायचा.

साहेब येणार त्या सकाळी त्याने कपाट उघडलं आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. पूर्वेला एकही उपकेंद्र नव्हतं, आणि तिथे ही जाडजूड वाट! तिचं एक टोक इंजिनियरबाईंच्या घरावर होतं. ते पाप त्याचंच. वेड्यासारखा एक दाणा त्याने तिथे गुपचूप ठेवला होता. पण दुसरं टोक थेट त्याच्या भाड्याच्या खोलीवर! तिथेही दाणा होता, आणि तो त्याने ठेवलेला नव्हता.

मागे ती उभी होती, पांढरीफटक.

"माझ्या घरावर दाणा... कुणी ठेवला?"

"आणि माझ्या खोलीवर?"

तेवढ्यात साहेब आत आले. "इथे काय आहे? उपकेंद्र तर नाही."

"चूक माझी, साहेब," त्याने मान खाली घातली. आता परतीचं तिकीट, दुसरं काय!

"अर्धी माझी," ती म्हणाली. "इथे मी राहते, साहेब. आणि इथे... हे."

साहेबांनी चष्म्यावरून आधी हिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बाकीच्या वाटा झकास आहेत. पण प्रयोग पुन्हा करा. या वेळी दाणे मी ठेवणार!"

दार लागलं.

"तू मला फार आवडतेस," तो बोलून बसला. 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं होतं. "कधी ठेवलास दाणा?"

"तुझ्या आधी."

"शक्यच नाही! मग मला दिसला कसा नाही?"

"नकाशाकडे बघत असतास," ती हसली, "तर दिसला असता."