हिरव्या गाडीवरचा ओरखडा

"हे कुणाकडे जमा करायचं?" असं विचारत यानेका फॉसने आपलं डच लायसन्स ऊना फार्करच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं.

ऊनाने ते परत तिच्याकडे सरकवलं आणि चहा ओतला. किनलोर्न बेटावर कुणावर आळ आला की माणसं ऊनाकडेच यायची. अर्धं आयुष्य तिने विमा कंपन्यांसाठी अपघातांची चौकशी केली होती. आता ती गावासाठी करायची. तिचा शेजारी, निवृत्त बेकरीवाला मर्डो, प्रत्येक प्रकरणात सोबतीला असायचा. आजही तो बिस्किटांचा डबा घेऊन आधीच येऊन बसला होता.

यानेकाची हकीकत साधी होती. नवरा असेपर्यंत तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. तो गेल्यावर, साठीच्या आसपास ती गाडी शिकली, आणि या उन्हाळ्यात आपली जुनी हिरवी गाडी बोटीत घालून एकटीच स्कॉटलंड बघायला निघाली. काल संध्याकाळी, पावसात, गावातली शिक्षिका इशबेल सायकलवरून घरी जात होती. मागून आलेल्या गाडीने तिला उडवलं. पाय मोडून ती रस्त्याच्या डाव्या कडेच्या चरात पडली. गाडी कुठली, तिला दिसलंच नाही. पण यानेका त्याच रस्त्याने, त्याच दिशेने गेली होती, आणि तिच्या गाडीच्या उजव्या अंगावर ताजा ओरखडा होता.

"पुलाच्या चुना लावलेल्या कठड्याला घासली असं मला वाटलं होतं," ती म्हणाली. "आता माझीच मला खात्री नाही. हवालदारांनी जबाब लिहून ठेवलाय. सही करते आणि पुन्हा गाडीला हात लावत नाही."

"सहीचं नंतर बघू," ऊना म्हणाली. "आधी गाडी बघू. मर्डो, ती जरा अंगणात घे."

मर्डो किल्ली घेऊन बाहेर गेला, सवयीने उजवं दार उघडून आत शिरला आणि समोर स्टिअरिंगच नाही हे बघून बावरला. काच खाली करून काहीतरी विचारावं म्हणून त्याने मूठ फिरवली, तर काच हलेना.

बेटावर उतरल्यापासून ती तशीच अडकली आहे, यानेका ओशाळून म्हणाली. त्या बाजूला कुणी बसत नाही, म्हणून दुरुस्तीचं राहून गेलं.

"सगळं उलटंच आहे यांच्याकडे," मर्डो पुटपुटला.

"उलट्या दाराने तू शिरलास," ऊना म्हणाली. गाडीभोवती ती सावकाश फिरली. पुढचे दोन्ही दिवे शाबूत होते, डाव्या कोपऱ्याला साधा पोचाही नव्हता. उजव्या ओरखड्यात पांढरा चुना भरला होता.

हवालदार गेडिसला मात्र शंका नव्हती. लायसन्स पाहुण्यांना चालतं हे त्याने मान्य केलं. पण परदेशी माणूस विसरून उजवीकडून जातो, म्हणूनच ओरखडा उजवीकडे, असं त्याचं गणित होतं. शिवाय टॉर्किल रे साक्षीदार होता. टॉर्किल मेंढ्यांचं खाद्य पोहोचवायचा. इशबेल चरात पडलेली त्यालाच दिसली होती. आपला कोट तिच्या अंगावर घालून रुग्णवाहिकाही त्यानेच बोलावली होती.

टॉर्किल त्यांना त्याच्या घरच्या अंगणात, पिकअपजवळ भेटला. पिकअपचा एक दिवा जुना, पिवळट पडलेला होता. दुसरा, डावीकडचा, आरशासारखा स्वच्छ. मर्डोला वाटलं, गडी धुवायला बसला आणि अर्ध्यावर कंटाळला.

"ती समोरून आली," टॉर्किल म्हणाला. "रस्ता एकाच गाडीपुरता, म्हणून मी डावीकडे बाजूला घेतली. नेहमीसारखं बोट उचलून सलाम केला. तिची काच खाली होती, कोपर बाहेर. हात लांब केला असता तर लागला असता. पण बाईने ढुंकून बघितलं नाही. पुढे गेलो तर इशबेल पडलेली."

"कोपर नक्की दिसलं?" ऊनाने विचारलं.

"डोळ्यांसमोर होतं."

परतताना मर्डो खिन्न होता. टॉर्किलसारखा भला माणूस खोटं कशाला बोलेल, असं त्याचं म्हणणं पडलं. ऊनाने एवढंच सांगितलं, की भला आहे म्हणूनच घाबरला असेल.

संध्याकाळी तिने सगळ्यांना हॉटेलातल्या शेकोटीपाशी बोलावलं. यानेका दाराजवळच बसली होती, कधीही उठून जाता येईल अशी.

"टॉर्किल, समोरून येणाऱ्या गाडीची कुठली बाजू तुझ्याकडे असते?" ऊनाने विचारलं.

"उजवी."

"आपल्या गाड्यांत चालवणारा तिथेच बसतो. म्हणून आपण एकमेकांना सलाम करतो. यानेकाबाईंचं स्टिअरिंग डावीकडे आहे. त्या तुझ्यापासून लांबच्या कडेला होत्या. तुझ्या बाजूची सीट रिकामी होती, आणि तिकडची काच बेटावर आल्यापासून उघडलेली नाही. मग ते कोपर कुणाचं?"



"आणि ओरखडा?" गेडिसने विचारलं.

"त्यात पुलाचा चुना आहे. डावीकडे बसून चालवणाऱ्याला डावी कड नाकासमोर दिसते; अंदाज चुकतो तो उजवीकडचा. इशबेल डावीकडे होती. धक्का गाडीच्या डाव्या कोपऱ्याचा. यांचा डावा कोपरा धड आहे." ती टॉर्किलकडे वळली. "तुझा डावा दिवा मात्र कोरा करकरीत आहे."

टॉर्किलने तोंड ओंजळीत धरलं. तो समोरून नव्हे, इशबेलच्या मागूनच येत होता, आणि पावसात त्याला सायकल दिसलीच नव्हती. तो थांबला होता, तिला सोडून गेला नव्हता. पण आपण धडक दिली हे सांगायची हिंमत झाली नाही. परदेशी गाडी सकाळच्या बोटीने निघून जाईल, कुणाचं काही बिघडणार नाही, असं त्याने मनाशी ठरवलं. पण वाऱ्याने बोट सुटलीच नाही.

"बाई, मला माफ करा," तो म्हणाला.

"मी सही करणार होते हो," यानेका हळूच म्हणाली.

गेडिसने कुणी न सांगता यानेकाचा जबाब शेकोटीत टाकला आणि टॉर्किलचा लिहायला घेतला.

बोट सुरू झाली तरी यानेका गेली नाही. इशबेलला बेटावरच्या रुग्णालयातून घरी सोडणार होते, आणि तिने निरोप पाठवला होता, की आणायला डच बाई आल्या तर बरं. रुग्णालयाच्या दारातून कुबड्या सावरत इशबेल गाडीकडे आली. कुबड्या मांडीवर घेऊन मर्डो मागे बसला.

"मी हळू चालवते," यानेका म्हणाली.

"चालवा," इशबेल म्हणाली. "पण समुद्राच्या बाजूने घ्या. लांब पडेल, पडू दे."

यानेकाने आरशात बघितलं, गिअर टाकला आणि गाडी डावीकडून रस्त्याला लागली.