सतरा नंबरची पाळी

मोबाईल उपडे ठेवा आधी. उजेड तोंडावर पडला की मला बोलवत न्हाई. आन् कैलास इकडं आला तर त्याच्यासमोर हा विषय काढायचा न्हाई, सांगून ठेवतो. तो अजून मान वर करून बोलत न्हाई कुणाशी.

गेल्या साली कार्तिकातल्या अमावस्येची आदली रात्र. शनिवार. कैलास हिंजवडीजवळ जांबे गावात, भाड्याच्या खोलीवर जेवत व्हता. मुळशीवरनं दयानंदचा फोन आला, आपल्या भाताच्या गिरणीवाल्याचा. "तुझा आकड्यांचा डबा अडकलाय, म्होरं सरकंना. उद्या रविवार, गर्दी हुईल. किल्ली पायरीखाली ठिवतो, बघून जा." कैलासनं पेचकस आन् दुसरी चिप खिशात टाकली, गाडी काढली.

तो डबा त्यानंच केलेला. आधी गिरणीत पोती लावून नंबर धरायचे, मग भांडणं. कैलास हिंजवडीकडं विजेच्या पॅनेलच्या कारखान्यात, हात चांगला. त्यानं लाल आकडे बसवले, एक बटण, आन् मागं नखाएवढी चिप. मायक्रोकंट्रोलर म्हणत्यात तिला. बटण दाबलं की आकडा एकानं म्होरं. मागं जायची सोयच ठेवली न्हाई, कुणी लबाडी करायला नको म्हणून. लई कौतुक झालं त्याचं गावात.

आन् लबाडी केली कुणी? त्यानंच.

पंधरवड्यापूर्वी बटणापाशी तोच बसला व्हता. सतरा नंबर चंद्राबाईचा. म्हातारीला दुसऱ्या दिवशी लेकाच्या वर्षश्राद्धाला नवा तांदूळ पाहिजे व्हता, घरच्या खाचरातला. तिच्या मागं अठरावर कैलासचा कारखान्यातला साहेब, गाडीत भात घालून आलेला. कैलासला नोकरीत कायम व्हायचं व्हतं. त्यानं बटण दोनदा दाबलं. सोळाचे एकदम अठरा.

"आजी, बटण उडलं बगा. मशीनची चूक. आता शेवटी नंबर घ्या."

"मशीनच म्हणतंय तर काय बोलायचं बाबा," म्हणली ती, आन् भिंतीला टेकून बसली.

बटण असं उडतं, खोटं न्हाई. आतला पत्रा थरथरतो, एकदा दाबलेलं चिपला दोनदा वाटतं. पण कैलासनं प्रोग्राममधी त्याचा बंदोबस्त आधीच केलेला. ते बटण कधीच उडलं न्हवतं. हे त्याला एकट्यालाच ठाऊक.

म्हातारीची पाळी यायच्या आत लाईट गेली. भात डोक्यावर घेऊन ती घरी गेली आन् रात्री उखळात कांडायला लागली. सकाळी सून बघती तर मुसळ धरून तशीच वाकलेली... गार.

तर त्या शनिवारी कैलासनं गिरणीचं शटर उचललं. डब्यावर आकडा व्हता सतरा.

त्यानं बटण दाबलं. सतरा. परत दाबलं. सतरा. चिप बदलली. नवी चिप शून्यापासनं सुरू व्हायला पाहिजे. सतरा. मग त्यानं वायर उपटली.

सतरा.

आन् मागनं आवाज आला... धप्प.

गिरणी बंद. आत कुणी न्हाई. धप्प... सावकाश. थकल्या हातानं कांडावं तसा.

त्यानं मागं बघितलं न्हाई. धप्प... धप्प... जवळ.

"आजी..." शेवटी त्याच्या तोंडून निघालं. "बटण उडलं न्हवतं. म्या दोनदा दाबलं."

आवाज थांबला.

आकडे विझले.

मग अंधारात... कानाशी... कुणीतरी दम टाकला. म्होरचं त्याला आठवत न्हाई.

जाग आली तवा उजाडलं व्हतं. तो तडक चंद्राबाईच्या घरी गेला. सून, साधना, अंगण झाडत व्हती. त्यानं तिला सगळं सांगितलं, साहेबाचं आन् बटणाचं. भुताच्या भीतीपरीस लाज मोठी असती पोरांनो. त्याला तिच्याकडं बघवत न्हवतं. माफी मागायला हात जोडायला गेला, तर तळवे जुळंनात. आग व्हत व्हती.

साधनानं झाडू खाली ठेवला, त्याचे हात धरून उघडले. दोन्ही तळव्यांना फोड. ताजे, फुटलेले.



"आत्याबाईंना शेवटची आंघोळ घालताना त्यांच्या हातावर असेच व्हते," म्हणली.