अंकल कथबर्टचा दगड, दहा वाव पाण्याखाली

मेलेल्या माणसाला दिलेला शब्द कॅरिबियन समुद्रातल्या कॅरिआकू बेटावर कुणी मोडत नाही. फक्त पुढे ढकलतात. अंकल कथबर्ट वारले त्याला पाच वर्षं झाली होती, आणि त्यांच्या थडग्यावर दगड बसवण्याचा शब्द सगळ्या नातेवाइकांनी आळीपाळीने, अगदी मनापासून, पुढे ढकलला होता. दगड बसवायचा म्हणजे जेवणावळ आली, बोकड आले, ढोलवाले आले आणि परदेशातून येऊन नावं ठेवणारे नातलग आले. तेव्हा जरा बेतानंच घेतलेलं बरं, असं सर्वांचं मत होतं.

एकट्या अंकल कथबर्टचं तसं मत नव्हतं. ते रात्री बायकोच्या स्वप्नात येत, ओल्या पायांनी पलंगाच्या कडेला बसत आणि विचारत, "युडोरा, माझा दगड कुठवर आला?"

तांती युडोरा (मामी-काकूला तिकडे तांती म्हणतात) आता मुलीकडे ब्रुकलिनला निघाली होती, कायमची. सोमवारचं विमान होतं. जाण्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. पण आपण गेल्यावरही हा माणूस रात्री येणार, पलंगाच्या कडेला बसणार आणि रिकाम्या उशीला तेच विचारणार, एवढी एक गोष्ट तिच्याच्यानं सहन होत नव्हती. म्हणून शनिवारी दगड बसवायचा ठरला, आणि बुधवारी तो ग्रेनाडाहून थिओच्या शिडाच्या होडीतून निघालाही.

तो पडला सिस्टर्स खडकांपाशी. अंकल कथबर्ट जन्मभर तिथेच मासळीचे पिंजरे टाकत. त्यांचा भाचा लेनॉक्स होडीत होता. तो म्हणाला, "अंकलच्या जागेवरून चाललोय. दोन थेंब रम ओतल्याशिवाय पुढे कसं जायचं?" हे कुणालाही पटण्यासारखंच होतं. होडीतले झाडून सगळे पुरुष टोप्या काढून आदरानं उठले आणि एकाच बाजूला जाऊन उभे राहिले. होडीही आदरानं त्याच बाजूला झुकली. रमचे थेंब आणि संगमरवरी दगड एकदमच पाण्यात पडले.

"आता अंकलना डबल पोचली," थिओ म्हणाला.

लेनॉक्स गेली वीस वर्षं पाहुण्यांना पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली नेत होता, त्यामुळे दगड कोणी काढायचा याची चर्चा करावी लागली नाही. अडचण दुसरीच होती. त्या आठवड्यात त्याच्याकडे बाझलहून एक जोडपं सुट्टीला आलं होतं. उर्स हा निवृत्त दंतवैद्य, आणि त्याची बायको रेगुला. लग्नाची तीस वर्षं साजरी करण्यासाठी त्यांना शार्क बघायचे होते.

"सिस्टर्सला शार्क आहेत?" उर्सनं विचारलं.

"आहेत," लेनॉक्स म्हणाला. हे खरं होतं. मग त्यानं उरलेलं खरंही सांगून टाकलं.

उर्स खुर्ची ओढून पुढे सरकला. "दगड रुतलाय का नुसता पडलाय?"

"अजून दिसलेला नाही, मिस्टर उर्स."

"रुतला असेल तर सरळ ओढायचा नाही. आधी हलवून सैल करायचा."

"माझी अक्कलदाढ यानंच काढली होती," रेगुला म्हणाली. "म्हणून सांगते, याचं फार ऐकू नका."

गुरुवारी तिघं उतरले. नाताळच्या सुमाराला वाहतात ते जोरदार वारे सुटले होते. वरून लाटा थपडा मारत होत्या आणि खाली प्रवाह माणसाला कपारीतून उचलून खुल्या समुद्राकडे ढकलत होता. पंख्यासारखी जांभळी पोवळी वाकून आडवी झाली होती. माशांचे थवे जागच्या जागी पोहत होते आणि तेवढ्यानंच दमत असावेत. एका खडकाखाली एक मोठा, आळशी शार्क झोपलेला सापडला. उर्सनं आनंदानं बायकोचा हात दाबला आणि आनंदाच्या भरात निम्मी हवा संपवली. तो हवा फार प्यायचा. दगड काही मिळाला नाही.

संध्याकाळी लेनॉक्स तांतीकडे गेला. ती एक पांढरी चादर इस्त्री करत होती. दगड बसवायच्या आदल्या रात्री त्याला चादरीत गुंडाळून घरात, त्याच्या माणसाच्या पलंगावर निजवायचं असतं.

"सापडला?"

"उद्या सापडेल, तांती."

"तुझे अंकल लॉबस्टरबद्दल असंच म्हणायचे. बरोबर कोण आहे?"

"स्वित्झर्लंडचा दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको. सुट्टीवर आलेत."

"सुट्टीत थडग्याचे दगड शोधतात? त्यांच्या देशात करमणूक नाही का रे काही?" तिनं इस्त्री उभी केली. "होडी कलली तेव्हा सगळ्यांना उभं कुणी केलं होतं?"

लेनॉक्स चादरीच्या काठाकडे बघत राहिला.

"रम ओतलीस ते बरंच केलंस," ती म्हणाली आणि पुन्हा इस्त्री फिरवू लागली. "तुझ्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं. होडीही अशीच कलंडवली असती."

तो बोलणी खायच्या तयारीनं आला होता. असं काही ऐकायची तयारी त्यानं केली नव्हती. घरी जाताना त्याला वाट नीट दिसेना.

शुक्रवारी सकाळी प्रवाह कालच्यापेक्षा जोरात होता. "अरे, यात मासेसुद्धा घरी बसलेत," थिओ म्हणाला. पण त्यानं खडकाच्या आडोशाला होडी धरली, आणि तिघं दोराला धरून खाली गेले.

दगड रेगुलाला दिसला. दहा वाव, म्हणजे साठ फूट पाण्यात, वाळूच्या एका पट्ट्यावर तो पाठीवर पडला होता, पांढराशुभ्र, वर तोंड करून. एक निळा पोपटमासा त्याच्या कडेवर दात घासून बघत होता. शेजारी एक जुना, मोडका पिंजरा होता. तो कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. पट्ट्याच्या पलीकडे मात्र तळ संपत होता. तिथून कडा जो खाली उतरे, तो आधी निळा, मग काळा होऊन दिसेनासा व्हायचा.

लेनॉक्सनं दगडाला दोर आवळले आणि वर ताडपत्रीची मोठी पिशवी बांधली. पिशवी उलटी धरून तिच्यात टाकीतली हवा सोडायची, म्हणजे ती फुग्यासारखी वर ओढते. उर्सनं दगडाचं एक टोक धरून हळूच डावीकडे, मग उजवीकडे हलवलं. वाळूनं दगड सोडला. मास्कच्या आत उर्सचे डोळे चमकले.

पिशवी फुगली. दोर ताणले. दगड उठला!

आणि प्रवाहानं पिशवी पकडली. शिडात वारा भरावा तशी ती ताणली गेली आणि दगडासकट कड्याकडे निघाली. लेनॉक्सनं दोर मनगटाला गुंडाळला आणि टाचा वाळूत रोवल्या. वाळू सरकली. तो सरकला. कडा दहा हातांवर आला. मग सहा. पिशवीतली थोडी हवा काढली तर दगड खाली बसेल, पुन्हा बांधता येईल, तांतीची चादर, तांतीचं विमान... त्यानं मागे वळून पाहिलं.

पाठोपाठ सरकत आलेला उर्स गळ्यावरून आडवा हात फिरवत होता. हवा संपली!

रेगुला त्याच्याकडे झेपावली, पण प्रवाह तिला मागे रेटत होता. दोघांमधलं अंतर कमी होईना. लेनॉक्स मात्र उर्सपासून दोन हातांवर होता, मनगटाला अंकल कथबर्ट बांधलेले.

त्यानं चाकू काढला आणि मनगटाचा दोर कापला, पिशवीचाही.

पिशवी उसळून वर गेली. दगड कुठे गेला ते त्यानं पाहिलं नाही. त्यानं उर्सचा पट्टा पकडला, आपल्या टाकीची जादा नळी त्याच्या तोंडात कोंबली आणि त्याचे बुडबुडे पुन्हा सुरू होईपर्यंत त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघत राहिला. तेवढ्यात रेगुला पोचली. तिनं नवऱ्याचा हात असा धरला की तो नंतर दोन दिवस दुखत होता. तिघं तसेच, एकमेकांना बिलगून, दोरावरून हळूहळू वर सरकले. वर येण्याआधी उथळ पाण्यात थांबावं लागतं तसे थांबले. उर्स काहीतरी बोलायला बघत होता, नळी तोंडात असताना. रेगुलानं त्याच्या कपाळाला आपला मास्क टेकवला. तो गप्प झाला.

तिथून लेनॉक्सनं एकदा खाली पाहिलं. दगड कड्याच्या अगदी अलीकडे, दोन खडकांच्या बेचक्यात जाऊन उभा राहिला होता. ताठ. कुणीतरी बसवल्यासारखा.

"मी उद्या पहाटे परत उतरतो," संध्याकाळी तो तांतीला म्हणाला.

"उतरायचं नाही. मला एका माणसाचा दगड हवाय, दोघांचा नकोय." मग चादरीची घडी घालता घालता तिनं विचारलं, "उभा आहे म्हणालास?"

"अगदी ताठ."

"मग मला तिकडे ने."

थिओनं वाऱ्याचं कारण सांगितलं, लाटांचं सांगितलं, तिच्या गुडघ्यांचं सांगितलं. तांतीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की तो होडी चालवतो का नुसती बातमी देतो. शनिवारी सकाळी ती होडीत बसली. मांडीवर मक्याच्या पिठाचे गोळे, भात आणि मटण यांचं ताट, वर पांढरं फडकं. पाहुणे दोन्ही बाजूंनी तिला धरून. खडकाच्या आडोशाला पोचल्यावर लेनॉक्सनं काचेच्या बुडाची बादली पाण्यावर टेकवली. पिंजरे शोधायला कोळी वापरतात तीच. तांती ओणवी झाली.

ती खूप वेळ बघत राहिली. पाठीचा कणा लाटेबरोबर वरखाली होत होता.

"हा तर नुसता माथा दिसतोय," ती बादलीतच म्हणाली. "नाव कुठल्या बाजूला आहे?"

लेनॉक्सनं ते पाहिलं नव्हतं.

"घराकडे," तो म्हणाला.

"घराकडेच," रेगुला म्हणाली. तिनंही पाहिलं नव्हतं.

"अगदी घराकडे," थिओ म्हणाला. त्याला तर पोहताही येत नव्हतं.

तांतीनं मान वर केली, तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि डोळे पुसले. "बरं," ती म्हणाली. "रम दे इकडे. आणि कुणी उठायचं नाही."

तिनं बसल्या बसल्या रम ओतली, मग पाणी, मग ताटातलं अन्न हातानं हळूहळू सोडलं. "कथबर्ट," ती खाली बघून म्हणाली, "दगड आला हो तुमचा. तुमच्याच जागेवर आहे, तेव्हा आता तक्रार नको. मी मुलीकडे चाललेय. तुम्ही जेवून घ्या." उर्सनं नाक पुसलं आणि बायकोला म्हणाला की खारं पाणी गेलं असावं.

रात्री ढोल वाजले, बोकड पुरले, परदेशच्या नातलगांनी नावं ठेवली. तांती त्या इस्त्रीच्या चादरीवर स्वतःच झोपली. सकाळी लेनॉक्सनं विचारलं, अंकल आले होते का?

"नाही," ती म्हणाली, जराशी दुखावून. "निदान निरोप घ्यायला तरी यायचं."

सोमवारचं विमान वाऱ्यामुळे रद्द झालं. मंगळवारी वारा पडला. बुधवारी सिस्टर्सपाशी समुद्र तळ्यासारखा शांत होता आणि प्रवाह नावालाही नव्हता. लेनॉक्स खाली उतरला नाही. त्यानं त्या दिवशी टाक्या धुतल्या. विमान गुरुवारी सुटलं.