बाहेर जायची फाईल

माझ्या पंचूला मला न विचारता माझा फोन उचलायची खोड आहे.

मी भाजी निवडत असेन, बहिणीशी बोलत असेन, हा येणार आणि हातातून फोन काढून नेणार. वर म्हणणार, "अरे आई, तुझा फोन एकदम डब्बा आहे ना, यावर चाललं तर कुठेपण चालेल. टेस्ट तो इसी पे करना पडेगा."

आईच्या फोनला डब्बा म्हणतो. याच्यासाठी इंजिनिअर केला.

आता सांगते ते माझ्या डोळ्यांदेखत झालंय. मी कांताबाई, राहणार राजेंद्र नगर, इंदूर. आम्ही बौद्ध माणसं. भूत, आत्मा, अंगात येणं, यातलं काही आमच्यात मानत नाहीत. आमच्या दारासमोर कुणी उताऱ्याचं लिंबू टाकलं तर मी त्याचं सरबत करून पिते. तुम्हाला घाबरवून मला काय मिळणार?

आणि रात्रबित्र नव्हती. एप्रिलमधली रविवारची दुपार होती. गल्लीत कुत्रं पण फिरत नव्हतं.

पंचूचे बाबा तेव्हा नुकतेच वारले होते. महूला फौजेत होते. रिटायर झाल्यावर स्कूटरवरून पडले, तेव्हापासून डावा पाय ओढत चालायचे. एक पाय टप... दुसरा सर्र... गेटपासूनच कळायचं, स्वारी आली.

त्या दुपारी पंचूने माझा फोन माझ्यासमोर धरला.

"आई, देख."

घरी येऊन बीपी-शुगर तपासणाऱ्यांचं कसलं तरी ॲप होतं, त्याच्या ऑफिसने बनवायला दिलेलं. उघडलं की एक छोटा माणूस चालत येतो, दारातून आत जातो, थांबतो.

मी बघतच राहिले.

तो डावा पाय ओढत होता.

"हे तुझे बाबा आहेत," मी म्हटलं.

पंचू हसला. त्याने मला समजावून सांगितलं. फोनमध्ये काहीही हलतं ना, ते आधी लिहावं लागतं. एका हालचालीची एक फाईल. कुठून निघायचं, कुठे पोचायचं, किती वेळात, शेवटी हळू व्हायचं का. पोचल्यावर तिथेच थांबून राहायचं, हे पण लिहिता येतं. बाबा हॉस्पिटलातून शेवटचे घरी आले, तेव्हा माझी सून कीर्तीने व्हिडिओ काढला होता. तो थांबवून थांबवून याने पाऊल न् पाऊल मोजलं आणि फाईलमध्ये उतरवलं.

"आत आला. मग बाहेर कसा जातो?" मी विचारलं.

"बाहेर जायची वेगळी फाईल असते."

"मग ती दाखव."

"ती नाही बनवली."

"का? अर्धंच काम करायचा पगार देतात का तुला?"

तो खाली बघत म्हणाला, "बाबांना जाताना लिहायला हात चालत नाही, आई. आत येतात तेवढं बस आहे."

मी पदराने फोनची काच पुसून दिली.

त्याने फोनवर परत बोट लावलं.

आणि बाहेर गेटजवळ...

टप... सर्र...

कीर्ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आई, कोण आलं?"

मी गेटपर्यंत जाऊन आले. कुणी नव्हतं. कडी आतून लावलेली होती.

पंचूने परत बोट लावलं.

या वेळी आवाज पायरीवर आला.

परत लावलं.

दाराचा पडदा आत उडाला...

आणि खाली आलाच नाही.

वारा नव्हता. पंखा बंद. पडदा तसाच आत, तिरका, कुणी हाताने धरून ठेवावा तसा. मी दोन्ही हातांनी खाली ओढला. सोडला तर परत तिथेच गेला.

मी पंचूकडे बघितलं. मला वाटलं पोरगं घाबरलं असेल.

त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

खरी भीती मला तेव्हा वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसला सुट्टी टाकली. मग टाकतच गेला. हॉलमध्ये त्याच्या बाबांचा झुला आहे, लोखंडी साखळ्यांचा. पंचू त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचा. ॲप उघडायचा, बंद करायचा, उघडायचा. एका दुपारी झुला पुढे गेला...

आणि पुढेच थांबला. साखळ्या तिरक्या. मधली गादी दबलेली.

पंचू त्या रिकाम्या झुल्याशी बोलायचा. पोहे समोर ठेवले तर तसेच वाळायचे. गालफडं बसली. मी माझा फोन हिसकावून तांदळाच्या डब्यात घातला, तर पठ्ठ्याने तेच ॲप स्वतःच्या फोनमध्ये टाकलं.

नवरा गेला तेव्हा मी रडले नव्हते. घर बघायचं होतं. पण मुलगा असा डोळ्यांसमोर आटत चालला, ते मला बघवेना.

"पंचू, बाहेर जायची फाईल लिही," मी म्हटलं.

"ते जातील ना, आई."

"ते गेलेत. जलदान झालं. भन्तेजी येऊन गेले, अख्खी गल्ली जेवून गेली. आता तू काय धरून बसलायस?"

तो ऐकेना. शेवटी कीर्तीने बॅग भरली. "मी महूला चालले, माहेरी. तुम्ही बसा बापलेक," म्हणाली आणि दारापर्यंत गेली. तेव्हा कुठे तो लॅपटॉपकडे वळला.

लिहिताना त्याचं नाक वाहत होतं, लहानपणी वाहायचं तसं. आत येतानाचेच आकडे, उलटे लावले म्हणाला. मग फोन हातात घेतला. माझ्याकडे बघितलं.

"लाव बोट," मी म्हटलं.

त्याने लावलं.

झुला मागे आला. साखळ्या सरळ झाल्या.

पडदा बाहेर उडाला, आणि खाली पडला.

मग पायरीवर पावलं... अंगणात... गेटकडे...

कीर्तीने डोळे मिटून श्वास सोडला.

मी नाही सोडला. मी ऐकत होते.

टप, टप, टप, टप.

सर्र नव्हतं.

ती चाल लंगड्या माणसाची नव्हती. सरळ, घाईची, तरुण. पंचू रोज सकाळी गाडीकडे पळतो ना, तशी.

गेटपाशी आवाज थांबला.

मी मागे वळले. पंचू खुर्चीतून उठत होता, पाणी प्यायला.

टप... सर्र...

डॉक्टर म्हणाले, नस दबलीय, टेन्शन आहे, चालेल सरळ हळूहळू. असेल. मी काही शिकलेली नाही. पण तो आता लॅपटॉपकडे बघत पण नाही. ऑफिसचा फोन आला की कीर्तीला देतो. चहा बशीत ओतून पितो. पंचूने आयुष्यात कधी बशी वापरली नाही. कीर्ती माझ्या खोलीत झोपते, कडी लावून.

दोन्ही फोनांमधलं ॲप मी कीर्तीला काढून टाकायला लावलं. तरी दुपारी घर शांत झालं की गेटबाहेर पावलं येतात. सरळ, घाईची. येतात...

आणि गेटपाशीच थांबतात.

आत येत नाहीत.

मी अजूनही भूत मानत नाही. पण जेवायला बसले की कान गेटकडे असतो.

काल दुपारी तो झुल्यावर बसला होता. डोळे मिटून म्हणाला, "कांते, चहा टाक."

मला कांते म्हणणारा माणूस जगात एकच होता.

मी चहा टाकला नाही. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि माझ्या पोराच्या तोंडाकडे बघत सांगितलं, "इतकी वर्षं तुमचा संसार केला, तुमच्यासमोर कधी आवाज चढवला नाही असं मी म्हणणार नाही. पण पोराला बाहेर उभं करून त्याच्या जागी बसणारा बाप या घरात राहणार नाही. उठा. जा, आणि त्याला आत पाठवा."