उंच कंबरेचा झगा

ओवेस पहिल्यांदा माझ्या शिलाईच्या दुकानात आला तो चिंब भिजून. सप्टेंबरातली सर अचानक आली होती. डोक्यावरून पाणी निथळत होतं, पण शर्टाच्या आत धरलेलं पुस्तक मात्र त्याने कोरडं ठेवलं होतं… मला आधी तेच आवडलं.

त्याच्या बहिणीला, आयतला, कॉलेजच्या कार्यक्रमासाठी मुखपृष्ठावरच्या बाईसारखा झगा हवा होता. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, नाचाच्या मेजवान्या, गर्विष्ठ सरदार आणि त्याला न जुमानणारी मुलगी, अशी ती कादंबरी.

"चित्र चुकलंय," मी म्हणाले. "तेव्हा कंबर एवढी खाली नसायची. छातीखाली पट्टी, आणि तिथून कापड सरळ सोडलेलं. मलमल लागेल. ती तर तेव्हा आपल्याकडूनच जायची."

तो पुस्तक सोडून माझ्याकडे बघत राहिला. "पनवेलमध्ये बसून हे कसं माहीत तुम्हाला?"

"मापाला बहिणीला पाठवा," मी म्हटलं, आणि उगीचच टेप गुंडाळत बसले.

आयत एकदाच आली. तो मात्र रोज यायचा. कधी लेस दाखवायला, कधी बटणं विचारायला… त्या झग्याला बटणंच नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं. तो मस्कतला एका गोदामात कामाला होता, महिन्याच्या सुटीवर आलेला. सुटीचे दिवस सरत होते आणि मी ते मनात मोजत होते.

मग त्याने कादंबरीची गोष्टच सांगायला लावली. मी हातशिलाई करत रोज थोडी सांगायची. सरदाराने नाचाला नकार दिला तेव्हा ओवेस खरोखर चिडला. म्हणाला, असल्या माणसाला आमच्या गोदामात आठ दिवस ठेवायला हवं.

एका दुपारी मी मध्येच थांबले. "पुढचं मला माहीत नाही."

तेव्हा त्याला अम्मीबद्दल सांगितलं. मी कॉलेजात असताना लायब्ररीतून ही पुस्तकं आणायची. अम्मीला इंग्रजी येत नव्हतं. ती मशीन चालवायची आणि मी आपल्या भाषेत वाचून दाखवायची. कुणी मागणी घालणार असं वाटलं की तिचा पाय मशीनच्या पायडलवर थबकायचा. झग्याची कंबर, बाहीचा फुगा, सगळं तिनेच ऐकून ऐकून कागदावर कापून पाहिलं होतं. हेच पुस्तक अर्धं झालं, आणि अम्मी आजारी पडली. ती गेल्यावर मी असलं एकही पुस्तक उघडलं नव्हतं.

तो उठला. पुस्तक उचलून घेऊन गेला. पुढचे चार दिवस फिरकला नाही. मला वाटलं – संपलं.

पाचव्या दिवशी आला. दुसऱ्या दिवशी त्याचं विमान होतं. झगा तयार होता, पण त्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. स्टुलावर बसला, पुस्तक उघडलं आणि राहिलेल्या भागातली खुणा केलेली पानं अडखळत वाचू लागला. गोदामातलं इंग्रजी, मधे आमची पनवेलची बोली. सरदार कधी 'साहेब' व्हायचा, कधी 'तो शहाणा'. मी हसले, आणि हसता हसता रडले. अम्मीला हा शेवट आवडला असता… मशीनकडे बघवेना.

पुस्तक मिटून त्याने मांडीवर ठेवलं. मग खाली बघत म्हणाला, "मी तुमच्या अब्बांशी बोलू का?"

कादंबरीतल्या त्या काळच्या मुलीसुद्धा अशा वेळी मान खाली घालायच्या, वडिलांच्या खोलीचं दार उघडायची वाट बघायच्या. माझी मानही झुकलीच होती. पण मी ती वर केली.

"अब्बांशी नंतर," मी म्हटलं. "आधी मला विचारा."

त्याने मान वर केली. कानापर्यंत लाल झाला होता.

"जास्मीन, तुम्ही माझ्याशी –"

वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले.