आईने दिलेला शब्द

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी नर्स आहे, बारा वर्षांत मरणं भरपूर पाहिलीत, उगाच घाबरणारी नाही. पण हे माझ्याच घरात घडलं. सुरुवात या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत, कुवेतला, फहाहीलमध्ये.

रात्री नाही हं. भर दुपारी.

आई निफाडची. तिथली थंडी म्हणजे विचारू नका! त्यात तिला दमा. म्हणून म्हटलं, दोन महिने इकडे ये. गारठा इथेही असतो, पण निफाडच्या मानाने काहीच नाही.

पहिल्याच आठवड्यात ती कोथिंबीर आणायला खाली उतरली आणि परतताना बिल्डिंग चुकली. तासभर रडत फिरत होती. तेव्हापासून ड्युटीला जाताना मी बाहेरून कुलूप लावायला लागले. नवरा देवेंद्र शुऐबाला प्लांटमध्ये, तोही दिवसभर बाहेर.

हो, माझ्या आईला मीच कोंडलं. आजही मनाला लागतं.

पण आई मजेत दिसायला लागली.

"अगं, वर आपल्याकडच्या एक बाई आहेत. स्वयंपाकघरातल्या एग्झॉस्टमधून ऐकू येतं. त्यांनाही मुलाने थंडीपुरतं आणलंय. तोही कुलूप लावून जातो."

मला बरंच वाटलं. तेवढीच सोबत.

"पण बाई गप्पिष्ट हो! सोडतच नाहीत."

मी हसले. आणि मग भाजी चिरता चिरता हात थांबला...

आम्ही आठव्या मजल्यावर राहतो. नववा मजला नाहीच.

वॉचमन आमिरला विचारलं. वर फक्त पाण्याच्या टाक्या, गच्चीला कुलूप, चावी त्याच्याकडे. आईला सांगितलं तर चिडली. "म्हणजे काय, मी भिंतीशी बोलते? मला वेड लागलंय?"

मी विषय सोडून दिला. अठरा फेब्रुवारीचं तिकीट होतं. तोवर निभावू, म्हटलं.

अठराला बॅगा दारात आल्या. टॅक्सी खाली उभी. आणि आई पुन्हा आत वळली.

"अगं, त्यांचा निरोप तर घेऊ दे!"

आतून तिची कुजबूज ऐकू आली. नीट कळलं एवढंच... "माझी लेक आहे ना इथे. रोज बोलेल तुमच्याशी. शब्द देते."

आईचा स्वभावच तो. आमची मदत कुणालाही परस्पर देऊन मोकळी.

मग वरून कुणीतरी म्हणालं... "बरं."

मी ते या कानांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तीनला घरी आले. कपडे बदलून बाजारात निघाले, तर दार उघडेना. चावी फिरतेय. लॅच फिरतंय. दार ढिम्म. देवेंद्रला फोन लावला, लागला नाही. धक्के मारले, ओरडले. एरवी शेजारी शिंकले तरी ऐकू येतं, त्या दिवशी सगळीकडे चिडीचूप.

आणि स्वयंपाकघरातून...

"प्रणिता, झाली का ड्युटी?"

आई गं!

"जेवलीस का?"

आवाज अगदी मायेचा. त्यानेच जास्त भीती वाटली.

मी बोलले. काय करणार? जेवण, हवापाणी, पेशंट. रडू आवरत पाऊण तास बोलले. शेवटी ती म्हणाली, "जा आता." आणि दार हात लावताच उघडलं.

देवेंद्र म्हणाला, लॉक खराब असेल. दोनदा बदललं. फरक नाही. तो घरी असला की आवाज येत नाही, दार मात्र उघडत नाही. मग त्याला हॉलमध्ये बसवून मी स्वयंपाकघरात एकटीच बोलते.

एकदा घरी आलेच नाही. मैत्रिणीकडे, असमाकडे अर्दियाला थांबले. तीनला तोंड धुवायला गेले, तर बाथरूमचं दार लागलं ते लागलंच. असमा बाहेरून ओढतेय, मी आतून. आणि वरच्या एग्झॉस्टच्या जाळीतून... "आज इकडे कशी गं?"

तेव्हापासून पळायचा विचार सोडला.

परवा आईला फोनवर विचारलंच. "नेमका काय शब्द दिलास? किती दिवसांचा?"

"अगं, किती घाबरतेस! थोडेच दिवस. त्यांचा मुलगा न्यायला येईपर्यंत."

आता जून चालू आहे. रोज पाऊण तास बोलते, सगळ्या विषयांवर.

फक्त मुलगा कधी येणार, हे विचारायची हिंमत होत नाही.