ताईच्या वाट्याची रात्र

काय म्हणालीस पोरी? परत बोल जरा. उद्या माउलीची मूर्ती त्या कोपऱ्यावरच्या काकूंकडे न नेता सरळ पुढच्या घरी नेली तर चालेल? का, तर काकू खडूस आहेत? वा! शाबास!

ठेव ती कात्री. गोठ्याचं छप्पर उद्या चिकटवलं तरी चालेल, नाताळ काही पळून जात नाही. आणि तू रे, मोबाईल उलटा ठेव. भुताची गोष्ट सांगा, भुताची गोष्ट सांगा म्हणून आठवडाभर डोकं खाल्लंत ना माझं? मघाशी झुरळ बघून खुर्चीवर चढलेला तूच ना रे तो? बस तर मग. ही गोष्ट मी ऐकीव सांगत नाही. ज्याच्यावर गुदरली त्याची टपरी माझ्या सायकलच्या दुकानाला लागून होती. वीस वर्षं आम्ही एकाच किटलीतला चहा प्यायलो.

किल्ल्या बनवायचा तो. आम्ही त्याला किल्ल्याच म्हणायचो. कुठलंही कुलूप आणा, कान लावायचा, तार फिरवायचा, उघडलं! लोक गमतीने म्हणायचे, स्वर्गाची किल्ली हरवली तर देव यालाच बोलावणार. माणूस चांगला, पण तोंडाचा फाटका. रागात काय बोलेल त्याचा नेम नाही.

त्याची एक थोरली बहीण होती. लग्न केलं नाही, आईच्या घरात आईला सांभाळत राहिली. अख्खी पॅरिश, आपल्या चर्चची सगळी वस्ती, तिला ताईच म्हणायची. आई शेवटची आजारी पडली तेव्हा हा म्हणाला हॉस्पिटलात नेऊ, आणि ती म्हणाली आईला घरातच मरायचंय, तिने माझ्याकडून वचन घेतलंय. आई घरातच गेली. माती दिली त्या दिवशी, अजून खड्डा पुरता बुजला नव्हता, हा सगळ्यांसमोर ताईला म्हणाला, "तू मारलंस आईला."

झालं. त्यानंतर चार वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला ही डाव्या बाजूला बसायची, तो उजव्या. एकमेकांना शांती चिंतायची खूण करताना मान वळवून तिसऱ्याच कुणाला तरी हात जोडायचे. आमचे फादर वेदीवरून सगळं बघायचे.

आता आपली रीत तुम्हाला माहीत आहे. नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या शेवटच्या नऊ रात्री पोटुशी माउली, देवबाळाची आई, घरोघरी जाते. आज ज्यांच्याकडे मुक्काम, त्यांनी उद्या अंधार पडला की पुढच्या घरी न्यायची. दारात उभं राहून विचारायचं, "रात्र झाली, माउलीला जागा द्याल का?" आतल्यांनी म्हणायचं, "ये माउली, घर तुझंच आहे." मग दार उघडायचं. आणि एक नियम. तिला दारातून परत फिरवायचं नाही. बेथलेहेमात एकदा तिला सगळ्यांनी परत फिरवलं तेवढं पुरे झालं. दार उघडत नसेल तर थांबायचं, शेजारी हाक मारायची, पण पाठ फिरवायची नाही.

त्या वर्षी फादरांनी घरांची ओळ लावली आणि किल्ल्याच्या पुढचं घर कुणाचं आलं? ताईचं. मुद्दामच केलं त्यांनी. किल्ल्या माझ्याकडे येऊन तणतणला. मी म्हटलं, "अरे, त्या निमित्ताने जा. बहीण आहे, वाघीण नाही." वहिनी, म्हणजे त्याची बायको, तिनेही कान धरला. शेवटी कबूल झाला.

डिसेंबरची एकवीस तारीख. आगमनकाळाचा चौथा रविवार, सकाळीच वेदीजवळची शेवटची मेणबत्ती पेटली होती. अंधार पडल्यावर किल्ल्याने माउलीला शालीत गुंडाळलं, लहान मूल घेतात तशी दोन्ही हातांत घेतली आणि निघाला. वहिनी सोबत जाणार होती, पण म्हणाली, "तुम्ही एकटेच जा. मी असले की तुमचं तोंड उघडत नाही." रस्ताभर हा पहिलं वाक्य जुळवत गेला. ताई, कशी आहेस म्हणू, की ताई, माझं चुकलं म्हणू? माझं चुकलं म्हणायचं ठरवलं त्याने. मला त्याने स्वतः सांगितलं हे.

दारात पोचला. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता. त्याने घसा खाकरला.

"रात्र झाली, माउलीला जागा द्याल का?"

काही नाही. परत विचारलं, जरा मोठ्याने. काही नाही. मग आतून आवाज आला. खर्र… खर्र… काहीतरी फरशीवरून ओढल्यासारखा. किल्ल्या समजला, खुर्ची ओढतेय. आपला आवाज ओळखला आणि पाठ करून बसली. त्याचं डोकं सटकलं. तो दाराला तोंड लावून म्हणाला, "नको असेल तर सरळ तोंडाने सांग ना! माउलीला कशाला ताटकळवतेस?"

खर्र…

"राहिलं!" म्हणाला, आणि पाठ फिरवली.

पुढचं घर शाळेतल्या मास्तरीणबाईंचं. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे तर उद्या ना? आज ताईंकडे होती." आता इथे खरं सांगायचं की दार उघडलं नाही. पण रागात होता. म्हणाला, "ताईने नको म्हणून सांगितलं. ती घेत नाही यंदा."

बघा हं. ती एक शब्द बोलली नव्हती. हे याने तिच्या तोंडी घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने आरडाओरडा केला. शेजाऱ्यांनी पहार घालून दार फोडलं. ताई दारापासून दोन हातांवर पालथी पडलेली, अंग गार. डॉक्टर म्हणाले, झटका आला, अर्धं अंग गेलं, वाचा गेली असणार. स्वयंपाकघरात पडली आणि तिथून ओढत ओढत दारापर्यंत येत होती. जीव गेला कधी? संध्याकाळी असेल, रात्री असेल, सांगता येत नाही.

किल्ल्याला सांगता येत होतं.

कमरेला पन्नास किल्ल्या लावून फिरणारा माणूस तो. ते कुलूप त्यानेच, मिसरूड फुटायच्या आधी, आईला बसवून दिलेलं. डोळे मिटून उघडलं असतं त्याने. सगळे रडत होते आणि हा नुसता त्या फरशीकडे बघत उभा होता.

त्यावर कडी म्हणजे गावभर झालेली बोंब. मास्तरीणबाईंनी एकीला सांगितलं, तिने दुसरीला. ताईने माउलीला दारातून हाकललं आणि त्याच रात्री देवाने उत्तर दिलं! तेवीस तारखेला तिला माती देतानाही मागच्या बायका हेच कुजबुजत होत्या. जिने उभा जन्म आईची सेवा केली, तिच्याबद्दल हे! मी किल्ल्याला म्हटलं, "ऐकतोयस ना काय बोलतात? तुझ्याशी ती खरंच असं बोलली का रे?" त्याने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. मला त्याचा खूप राग आला होता त्या दिवशी, आणि का ते कळतही नव्हतं.

त्याच रात्री माउलीचा शेवटचा मुक्काम होता, एका म्हाताऱ्या जोडप्याकडे. चोवीसला तिने चर्चमध्ये पोचायचं. अंधार पडल्यावर किल्ल्या त्यांच्याकडे गेला. "एक रात्र मला द्या," म्हणाला. "ताईच्या वाट्याची रात्र राहिली आहे." म्हातारा म्हणाला, "अहो, पण तिला नकोच होती ना?" किल्ल्याने नुसते दोन्ही हात पुढे केले. म्हाताऱ्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने मूर्ती उचलून याच्या हातात दिली.

ताईचं घर बंद. फोडलेल्या दाराला किल्ल्याने आदल्या दिवशीच स्वतः नवं कुलूप बसवलं होतं. दाराच्या आत बसतं ना, तसलं. दुकानातलं सगळ्यात भारी. एकच किल्ली, ती याच्या खिशात. आत कुणी नाही. दिवा नाही. किल्ली लावून सरळ आत जाता आलं असतं. पण माउलीला विचारल्याशिवाय आत न्यायचं नाही, ही रीत. तो दारात उभा राहिला. मूर्ती छातीशी धरली होती.

"रात्र झाली…" म्हणाला. "माउलीला… जागा द्याल का?"

शांत.

गल्लीत कुत्रंही नव्हतं. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता. तो थांबला. या वेळी थांबायचं ठरवूनच आला होता.

किती वेळ गेला, त्याला माहीत नाही…

खर्र…

आतून. फरशीवरून.

खर्र… … खर्र…

लांबून. मग जवळ. पळावंसं वाटलं. पण पाठ तर फिरवायची नव्हती. आवाज दारापाशी आला. थांबला. मग दाराच्या खालच्या बाजूला, अगदी खाली, त्याच्या गुडघ्यांच्याही खाली…

"ये… …"

अर्ध्या तोंडाचा आवाज. शब्द लाळेत बुडालेले.

"…मा… उ… …"

किल्ल्या खाली बसला. गुडघे टेकले, मूर्ती मांडीवर, कान दाराला. आयुष्यभर कुलपांना लावलेला कान.

"…घ… र… … तु… झं…"

पुढचं आलं नाही. पुढचं त्याच्याच तोंडून हुंदक्यातून बाहेर पडलं. ती नको म्हणत नव्हती रे पोरांनो. त्या रात्रीही हेच म्हणत येत होती. आणि हा बाहेर उभा राहून तिला म्हणत होता, तोंडाने सांग.

मग… टक.

कुलूप फिरलं. आतून. किल्ली याच्या खिशात. दार बोटभर उघडलं.

आत कुणी नव्हतं. अंधार, आणि थंड फरशी. त्याने माउलीला टेबलावर ठेवलं नाही. दारापासून दोन हातांवर, जिथे ताईचा हात पोचला होता, तिथे जमिनीवर ठेवलं. शेजारी बसला. सकाळपर्यंत एकच वाक्य बोलत राहिला, "ताई, मी खोटं बोललो."

सकाळच्या मिस्साला तो मूर्ती घेऊन चर्चमध्ये आला. न केलेली दाढी, डोळे लाल. फादर काही विचारायच्या आत लोकांकडे तोंड करून उभा राहिला आणि सगळं सांगितलं. ताईने नको म्हटलं नव्हतं. मी तिच्या तोंडी घातलं. ती दारापर्यंत येत होती, मी निघून गेलो. मास्तरीणबाई तोंडाला पदर लावून रडल्या. मागच्या कुजबुजणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या. आणि मी? मी पहिल्यांदा त्याला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या, मग पुढे जाऊन धरलं.

संपली म्हणता? थांबा.

मिस्सा झाल्यावर तो ताईचं घर बंद करायला गेला. कुलूप लागेना. किल्ली फिरे, पण आतली पट्टी बाहेर येईना. खोलून टपरीत आणलं. माझ्यासमोर टेबलावर फिरवलं, टक, टक, टक, लोण्यासारखं चाललं. परत दाराला लावलं, ठप्प! दुसरं बसवलं, तेच. तिसरं. वैतागून बाहेरून कडी-कोयंडा ठोकला, तर सकाळी कोयंडा उतरलेला. पुढे किल्ल्याने नादच सोडला. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या घराचं दार बोटभर उघडंच असतं. आतून एक चमचासुद्धा कधी चोरीला गेला नाही.

वहिनी म्हणते, ताईने माफ केलं त्याची ती खूण. किल्ल्याला मरेपर्यंत तसं वाटलं नाही. मला विचाराल तर मला काही कळत नाही.

एकदा मी गेलो होतो. असाच आगमनकाळ होता. म्हटलं, हवेने उघडत असेल, लाकूड फुगलं असेल. मी काय घाबरतोय की काय! दोन्ही हातांनी दार ओढलं, घट्ट लावलं, वर दोरीने करकचून बांधलं. गाठ माझी होती, सायकलवाल्याची. वळलो. चार पावलं टाकली असतील…

मागे… टक.

मी वळून बघितलं नाही. घरी आलो, हिला काही बोललो नाही, पांघरूण घेऊन पडलो. सकाळी आमच्या पायरीवर ती दोरी होती. सुटलेली, आणि नीट घडी घालून ठेवलेली.